उत्तरायण केव्हां?

शाळेंत शिकणारा नातू उत्तरायण २२ डिसेंबरला सांगतो, आजोबा संक्रांतीला. वऱ्हाडांतील पुष्कळ घरांत हा वाद होतो. त्याचा उलगडा चीनमधील एका सणावरून चांगला होतो.

तिकडे २१ ते २३ डिसेंबरच्या सुमारास 'दोंगझी', म्हणजे हिवाळ्याची परमावधि, पाळतात. पुढें प्रकाश वाढणार म्हणून कुटुंब एकत्र जेवतें; उत्तरेकडे सारण भरून उकडलेल्या करंज्यांसारखा पदार्थ, दक्षिणेकडे तांदुळाच्या पिठाचे गोड गोळे. प्राचीन चिनी ज्योतिषी शंकूची माध्यान्हछाया मोजून हा दिवस ठरवीत. ती वर्षांत सर्वांत लांब पडली कीं सूर्य माघारी वळला.

आपली संक्रांत छायेवर नव्हे, तर निरयण मकरराशींतील प्रवेशावर बसविलेली आहे. अयनचलनामुळें ७०-७२ वर्षांत एक दिवसाचें अंतर पडतें. सुमारें १७०० वर्षांपूर्वीं दोन्ही दिवस एकच होते. आज संक्रांत १४ वा १५ जानेवारीस येते. १९५७ सालीं स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेंत १ पौष मात्र २२ डिसेंबरलाच येतो.

अमरावती-अकोल्याच्या अंगणांत १०० सेंटिमीटरची काठी सरळ उभी करावी. २२ डिसेंबरच्या माध्यान्हीं छाया ९७-९८ सेंटिमीटर भरेल, संक्रांतीस ९०-९१. सूर्य तोंवर तीन आठवडे उत्तरेकडे चाललेला असतो.

म्हणून तिळगूळ टाकून देण्याचें कारण नाहीं. सण आजोबांचा खरा, छाया नातवाची खरी. मुलांना दोन्ही सांगावें, म्हणजे मोठें झाल्यावर त्यांना यांपैकीं एकही सोडावें लागणार नाहीं.