गैरहजरांची साक्ष

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या कराच्या पैशावर वरिष्ठ वर्ग शिकतात या अन्यायावर बोट ठेवले, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरी एक सूचना मात्र विस्मृतीत गेली आहे. प्रवेशपरीक्षेप्रमाणे पदवीपरीक्षाही खासगी अभ्यास करणाऱ्यांना खुल्या कराव्यात, असे त्यांनी सुचविले होते. कारण महाविद्यालयात नियमित हजर राहणे अनेकांना शक्य नव्हते. त्या विचाराला व्यापक रूप येण्यास फार काळ जावा लागला. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षण सुरू झाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकचे ब्रीद. गंगा घरापर्यंत गेली हे मोठेच काम झाले. पण पाणी कसे आहे, हे त्या घराला कोण विचारतो?

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ची मूल्यांकनपद्धती, तसेच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी आवश्यक ठरविलेले अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र, ही यंत्रणा विद्यार्थ्यांच्या हितासाठीच आहे. तथापि तपासणी-पथक मुख्यालयात येते, तेव्हा भेटण्यास कोण येऊ शकतो? कामाच्या दिवशी रजा मिळते तो. अंगणवाडी सेविका, पाळीतला कामगार, रोजंदारीवरची स्त्री त्या दिवशी नाशिक गाठणार कशी? तिचा एका दिवसाचा रोज बुडेल, तो कोण देणार? ज्यांच्यासाठी दूरशिक्षण निर्माण झाले, तेच दूर असल्यामुळे साक्षीला गैरहजर राहतात.

२०१७ च्या आराखड्यात ‘नॅक’ने विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण आणले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु समाधान विचारले जाते ते ग्राहकाला. ग्राहक ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरे देतो. प्रश्न कोणते असावेत हे ठरविणे त्याच्या हाती नसते. शिवाय अशा सर्वेक्षणात नाव चालू असलेल्यांनाच विचारले जाते. अध्ययन-साहित्य वेळेवर आले नाही, संपर्कसत्रास समंत्रकच फिरकला नाही, म्हणून ज्याने मुकाट्याने शिक्षण सोडले, त्याची साक्ष सर्वांत मोलाची असूनही कोठेच नोंदली जात नाही.

विद्यार्थ्याला गुणवत्तेतले काय कळते, असा आक्षेप येईल. अभ्यासक्रमाची शास्त्रीय पातळी ठरविणे हे अध्यापकांचेच काम आहे, हे मान्य. पण पुस्तक परीक्षेपूर्वी हाती पडले की नंतर, स्वाध्याय तपासून परत आला की नाही, याचा निर्वाळा विद्यार्थ्याखेरीज कोण देणार? स्कॉटलंडमध्ये २००३ पासून विद्यापीठांच्या परीक्षण-पथकात विद्यार्थी सदस्य बसू लागला. २०१५ च्या युरोपीय मानकांनीही तो आवश्यक मानला. त्यामुळे तेथील विद्वत्ता बुडाली नाही.

आपल्याकडे मागण्या स्पष्ट असाव्यात. मुक्त विद्यापीठाच्या प्रत्येक परीक्षण-पथकात दूरशिक्षण घेतलेला विद्यार्थी सदस्य असावा. पथकाने रविवारी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रांवर जावे, आणि भेटीची केंद्रे विद्यापीठाने नव्हे तर पथकाने निवडावीत. प्रतिनिधी केंद्रावरच्या विद्यार्थ्यांनी निवडावेत. त्यांना प्रवासखर्च व बुडालेला रोज मिळावा. शिक्षण सोडलेल्यांपैकी काहींची गाठ घेणे बंधनकारक असावे. आणि तक्रारींचे पुढे काय झाले, ते विद्यापीठाने केंद्राच्या फलकावर लावावे. हा खर्च वारेमाप नाही. तो न करण्याची किंमत मात्र गरीब विद्यार्थी वाया गेलेल्या वर्षांनी चुकवितो.

या बाबतीत दोष केवळ सरकारचा नाही. विद्यार्थी-चळवळीने आजवर आवाराचे फाटक ओलांडून बाहेर फारसे पाहिलेच नाही. दूरशिक्षण घेणारे आपल्या युनियनच्या कचेरीत, आपल्या शाखेत, आपल्याच घरात आहेत. कार्यकर्त्यांनी येत्या संपर्कसत्राच्या रविवारी जवळच्या अभ्यासकेंद्रावर जावे, बाकावर बसून ऐकावे आणि ऐकलेले लिहून काढावे.

दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पदवी बरोबरीची असेल, तर ती मिळविणाऱ्याचा शब्दही बरोबरीचाच मानला पाहिजे.