पैलवान नुसत्या मातीत उगवत नाहीत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरानं पदक आणलं की दोन वाक्यं ठरलेली असतात. इथल्या मातीतच रग आहे, आणि पोरानं जिद्दीनं मिळवलं. दोन्ही खोटी नाहीत. मात्र त्या पोराच्या राहण्याजेवणाचा खर्च कुणी उचलला, हे त्यांतून कधी कळत नाही.

कोल्हापूर संस्थानाचे राजे राजर्षी शाहू महाराज यांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला होता. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाची पहिली अडचण अभ्यास ही नव्हतीच. शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, तिथंच गाडी अडायची. ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून दिवस काढायचा. शेतकऱ्याच्या मुलाला ती सोय नव्हती आणि अस्पृश्य मानलेल्या घरातल्या मुलाला तर कुणी दारातही उभं करत नव्हतं. म्हणून 1901 मध्ये मराठा आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहं एकामागून एक उभी राहिली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यानंतरचा, 1917 चा.

ही बोर्डिंगं जातवार होती, हा आक्षेप रास्तच आहे. त्याचा चटका बसलेला विद्यार्थी म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर विटाळ घालवण्यासाठी अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि जैन बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. आसरा मिळाला तो शाहू महाराजांकडे. म्हणजे बोर्डिंगनं त्यांना हाकललं, दरबारानं सावरलं, आणि दोन्हींचा हिशोब त्यांनी पुढं चुकता केला. 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसत. त्या पंगतीसाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा.

खर्चाचा हाच प्रश्न खेळातही येतो. पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, पण तिच्यातला एक तपशील नेहमी निसटतो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. तिथं ते सहावे आले. पुढच्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसा गोळा करायची वेळ आली तेव्हा पाठीशी उभं राहणारा दरबार उरला नव्हता. लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. मग कुस्त्या भरवून त्यांनी ते देणं फेडलं.

खर्डेकरांचं मोठेपण निर्विवाद आहे. तरी ही गोष्ट सांगताना कौतुकानं गळा दाटण्याआधी थोडी लाज वाटायला हवी. एका संस्थानाचं काम एका प्राचार्यांच्या घरावर येऊन पडलं होतं.

हेलसिंकीनंतर 72 वर्षांनी, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. वडील शिक्षक. सराव नाशिकच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत, पुढं रेल्वेची नोकरी आणि दीपाली देशपांडेंसारख्या मार्गदर्शक. या वेळी निवासाची आणि सरावाची घडी आधीच बसवलेली होती. पोराची जिद्द त्यामुळं तसूभरही कमी ठरत नाही.

आता आजच्या वसतिगृहांकडं पाहू. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकार स्वाधार योजनेतून राहण्याजेवणाची रक्कम खात्यावर देतं. योजना गरजेची आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण त्या रकमेत भाड्याची खोली मिळते. रात्री अडलेलं गणित समजावणारा वरच्या वर्गातला मुलगा मिळत नाही, अर्ज कुठं भरायचा हे सांगणारं कुणी मिळत नाही, आणि पोरगं दोन दिवस कॉलेजला गेलं नाही तर दार वाजवून विचारणारा अधीक्षकही मिळत नाही. पैसे खात्यावर टाकले म्हणून नवीन वसतिगृहं बांधण्याच्या जबाबदारीतून सरकारला मोकळं होता येणार नाही. निदान ज्या शहरात ही बोर्डिंगं सव्वाशे वर्षांपूर्वी उभी राहिली, तिथल्या आमदार-खासदारांनी तरी हा विषय अधिवेशनात लावून धरावा.