यादीत नाव असणे

मराठी साहित्यविचारात आकड्यांविषयी एक सूक्ष्म तुच्छता फार पूर्वीपासून मुरलेली आहे. माणसाचा आकडा होणे ही आपल्याला शोकांतिका वाटते. नोंदवही, रकाना, यादी, तक्ता हे शब्द समीक्षेत येतात ते बहुधा माणूसपण हिरावून घेणाऱ्या यंत्रणेची प्रतीके म्हणून. वर्गात आधुनिकतेवर बोलताना आपणही ही मांडणी पुष्कळदा करतो, आणि विद्यार्थी ती परीक्षेत लिहून देतात. ती सर्वस्वी चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याचे नाव अनेक याद्यांमध्ये आधीच सुरक्षित आहे, त्यालाच ती परवडते. ज्याचे नाव कोठेच नाही, त्याच्या दृष्टीने आकडा होणे ही माणूस म्हणून गणले जाण्याची पहिली पायरी असते. भिवंडीसारख्या गावात राहून साहित्य शिकवणाऱ्याला हा भेद टाळता येत नाही.

२०२० सालचा मार्च महिना आठवावा. टाळेबंदी जाहीर झाली, यंत्रमाग थांबले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून आलेला कामगार एका रात्रीत बेकार झाला. त्याला धान्य द्यायचे तर शिधापत्रिका गावी, त्याला गावी पाठवायचे तर तो कोण, कोठला आणि कोठे राहतो याची एकत्र नोंद कोठेही नाही. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली खरी. पण तिच्यात बसण्यासाठी आधी अर्ज, वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडची यादी आणि दोन्ही राज्यांची संमती एवढे सोपस्कार होते. जी यादी वर्षानुवर्षे सावकाश, शांतपणे व्हायला हवी होती, ती भुकेल्या माणसांच्या रांगा लावून काही दिवसांत करावी लागली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी मोफत धान्याची योजना जाहीर केली. त्यांची संख्या आठ कोटी धरण्यात आली. तीही अंदाजानेच, कारण मोजलेली संख्या उपलब्ध नव्हती. प्रत्यक्ष धान्य नेणारे त्याहून पुष्कळच कमी भरले. धान्य होते, भूकही होती. या दोहोंची गाठ घालून देणारा कागद नव्हता.

पुढे १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत एका प्रश्नाला उत्तर देताना केंद्रीय श्रम मंत्रालयाने एक कोटीहून अधिक स्थलांतरित आपापल्या राज्यांत परतल्याचे सांगितले. परतताना किती जण मरण पावले, याची आकडेवारी मात्र ठेवली जात नसल्याचे त्याच उत्तरात नमूद होते. आकडेवारीच नाही म्हटल्यावर नुकसानभरपाईचा प्रश्नही उरत नाही, हा त्यातला तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. न मोजणे ही तटस्थ कृती नव्हे, तिच्यातून जबाबदारीचाही निकाल लागतो.

बरोबर एका आठवड्याने, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीतील पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके येण्यापूर्वी शेजारपाजारच्या लोकांनीच कित्येकांना बाहेर काढले होते. अशा प्रसंगी बचावकार्य करणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच असतो : आत किती जण आहेत, आणि कोणत्या बाजूला? या प्रश्नाचे उत्तर मालमत्ताकराच्या नोंदीत नसते, कारण तिथे मालकाचे नाव असते, राहणाऱ्याचे नव्हे. मतदारयादीत नसते, कारण भाडेकरूचे मत बहुधा गावी असते. जनगणनेतही नसते. भिवंडीची लोकसंख्या आपण सात लाख सांगतो ती २०११ च्या जनगणनेची. २०२१ मध्ये जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेसाठी २०२७ हे वर्ष ठरले. शिवाय यंत्रमागाच्या गावात दिवसपाळी आणि रातपाळी अशा बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. एकाच खोलीत एक गट झोपतो तेव्हा दुसरा मागावर उभा असतो. पहाटे साडेतीनला एखाद्या खोलीत कोण आहे, हे तिथे कोण ‘राहतो’ एवढ्यावरून सांगता येत नाही.

मग हे ज्ञान गावात नाही काय? वस्तुतः ते आहे, आणि पुष्कळ आहे. मुकादमाच्या हजेरीत आहे, खोलीमालकाच्या भाडेवहीत आहे, महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्याच्या उधारीच्या वहीत आहे. आज कोण जेवायला आला नाही, हे खाणावळवाल्याइतके नेमके कोणत्या कचेरीला ठाऊक असते? शेजारणीला तर वहीचीही गरज नसते. माहितीचे व्यवस्थापन हा भारदस्त शब्दप्रयोग आपण उपग्रह, संगणक आणि रंगीत नकाशांशी जोडतो. त्यांचा उपयोग आहेच. पण या चार-दोन वह्यांतले ज्ञान, त्यांच्या मालकांना धाक न वाटता, वेळेवर एकत्र कसे यावे हा त्यातला मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्राने मिळत नाही.

या प्रश्नाचा एक पदर थेट आपल्या विषयाचा आहे, आणि तो म्हणजे नावाचा. आपला मराठी अर्ज नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने गृहीत धरतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कामगाराचे घराण्याचे नाव आधी येते, स्वतःचे नंतर. पूर्वांचलातल्या एखाद्याच्या नावापुढे ‘कुमार’ किंवा ‘प्रसाद’ असते, ते आडनाव नव्हे. मोमीन मोहल्ल्यातल्या बाईच्या नावापुढचे ‘बानो’ किंवा ‘बी’ हेही आडनाव नव्हे. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद ही एकाच माणसाची तीन रूपे उर्दू, हिंदी आणि मराठी लिहिणाऱ्या तीन कारकुनांच्या हातून सहज तयार होतात, आणि इंग्रजीत गेली की आणखी दोन. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जानेवारी लिहिण्याचा प्रघात आहे, त्यामुळे तारखेवरूनही माणूस वेगळा काढता येत नाही. संगणकाच्या दृष्टीने ही तीन माणसे होतात, किंवा उलट तीन माणसांचा एक होतो. मदतीच्या यादीत त्याचा अर्थ एवढाच, की एकाला तीनदा मिळते आणि दोघे रिकाम्या हाताने परततात. लिप्यंतर आणि नामविज्ञान हे विषय आपण भाषाशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत चार गुणांपुरते उरकतो, पण संकटात त्यांवर कोणाचे तरी जेवण अवलंबून असते.

गंमत अशी, की कायद्याने हे पूर्वीच ओळखले होते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९७९ च्या कायद्यानुसार ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक द्यायचे होते. ते हिंदी व इंग्रजीत, आणि कामगाराची भाषा याहून निराळी असेल तर त्याच्या भाषेतही असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हा कायदा मनापासून पाळला गेला असता तर २०२० च्या उन्हाळ्यात भिवंडीतल्या माणसाच्या खिशात त्याच्याच भाषेतला पुरावा असता. पुढे हा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खडसावल्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ई-श्रम हे नोंदणी संकेतस्थळ सुरू झाले आणि त्यावर तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मात्र नोंद एकदा झाली म्हणजे ती जिवंत राहते असे नाही. कामगार माग बदलतो, खोली बदलतो, भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलतो. ज्या यादीत दुरुस्ती करायला माणूस स्वतःहून येत नाही, ती यादी संकटाच्या दिवशी जुनीच निघते.

जगाचा अनुभवही याच दिशेने जातो. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा ४६३६ या क्रमांकावर लोकांनी मदतीचे संदेश पाठवायला सुरुवात केली. ते हैतीच्या क्रिओल भाषेत होते आणि बाहेरून आलेल्या बचावपथकांना ती भाषा कळत नव्हती. परदेशांत विखुरलेल्या हैतीच्या लोकांनी ते संदेश भाषांतरित केले, आपल्या ओळखीच्या गल्ल्या नकाशावर दाखवल्या आणि मगच त्या संदेशांची उपयुक्त माहिती झाली. त्याहून जुने उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांच्या चौकशीसाठी कचेरी उघडली. लक्षावधी कार्डांवर बेपत्ता माणसांची नावे लिहिली जात, वर्णानुक्रमे लावली जात आणि घरच्यांच्या पत्रांशी ताडून पाहिली जात. त्या कचेरीत १९१४-१५ मध्ये स्वयंसेवक म्हणून बसलेल्यांत रोमाँ रोलाँ होते. गांधीजी आणि विवेकानंदांचे चरित्रकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे कादंबरीकार. माणसाचे कार्ड करण्यात त्यांना माणुसकीचा अवमान दिसला नाही.

असे असले तरी यादीविषयीची भीती निराधार मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, आणि भिवंडीत तर विशेषच. १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हिंसाचारात घरे हुडकण्यासाठी मतदारयाद्या वापरल्या गेल्याचे अनेक अहवालांत नोंदले गेले आहे. त्याच वर्षी मे महिन्यात भिवंडी पेटली होती. त्याआधी मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने विशेष तपास पथकाने तपासात धर्माच्या आधारे भेदभाव केल्याचा कठोर निष्कर्ष काढला. याचा अर्थ असा की नोंद करणारा हात निष्पक्ष नसेल तर नोंद हेच अन्यायाचे साधन होते. ज्या गावाची ही आठवण आहे, त्या गावात दारावर वही घेऊन येणाऱ्याला ‘कशासाठी?’ असे विचारले जाते. तो प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आपत्तीच्या काळी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा आहे. ती आवश्यकही असेल, पण म्हणूनच कोणती माहिती घ्यायची नाही हे आधी ठरवणे अधिक आवश्यक होते.

या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयोग याच गावात झाला आहे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली सामान्य माणसे त्यांत होती, बैठका नियमित होत आणि पोलीस शिपाई वस्तीला नावानिशी ठाऊक होत असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तसे का झाले, यावर खोपडे यांनी पुढे पुस्तकही लिहिले. आपण या समित्यांकडे जातीय सलोख्याचा प्रयोग म्हणून पाहतो. त्यांच्याकडे माहितीची व्यवस्था म्हणूनही पाहता येईल. अफवा कोठून निघाली, ती खरी की खोटी, कोणत्या गल्लीत काय हवे आहे, हे कळण्याचा आणि कळवण्याचा विश्वासू मार्ग त्यांनी संकट येण्याआधी तयार करून ठेवला होता. तेव्हा संगणक नव्हता, ओळख होती.

म्हणून आमचे म्हणणे असे. आपत्तीसाठीची नोंद वस्तीनिहाय, शांततेच्या काळात आणि वस्तीच्या भाषेत व्हावी. तिच्यात धर्म आणि जात यांचा रकाना नसावा, कारण ढिगाऱ्याखाली त्याचा उपयोग नाही. किती माणसे, कोणती पाळी, कोणाला चालता येत नाही, गावी कोणाला कळवायचे, एवढे पुरे. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांच्या याद्यांचे चावडीवाचन झाले होते. संगणकात अडकलेली यादी लोकांच्या कानांपर्यंत नेण्याचा तो आपलाच जुना मार्ग आहे. शहरात त्याला एक मर्यादा घालावी लागेल. सगळ्यांची नोंद सगळ्यांसमोर वाचू नये, पण प्रत्येकाला आपली नोंद त्याच्या भाषेत वाचून दाखवावी आणि ती चुकीची असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याला असावा.

हे काम कोण करणार? भिवंडी परिसरातील महाविद्यालयांत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या नावाखाली ती दरवर्षी वृक्षारोपण आणि स्वच्छता फेऱ्या करतात. त्यांतलेच काही तास आपापल्या गल्लीतली नावे नीट लिहिण्यास आणि एका लिपीतले नाव दुसऱ्या लिपीत न बिघडवता नेण्यास दिले, तर महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापनाला कोणत्याही विकत घेतलेल्या प्रणालीतून मिळणार नाही असे काही मिळेल. भाषेच्या विद्यार्थ्यालाही आपल्या विषयाचा अर्थ कळेल.

दप्तर, हजेरी, खानेसुमारी हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि इतके रुळले की त्यांचे परकेपण कोणाला जाणवतही नाही. नोंदीची आपली परिभाषाच अशी अनेक भाषांच्या सहवासातून घडली आहे. त्या सहवासाचा वारसा सांगणाऱ्यांनी यादीकडे पाठ फिरवू नये. ती नीट, सर्वांच्या लिपीत आणि कोणाच्याही विरुद्ध वापरता येणार नाही अशा बेताने लिहावी. पुढची इमारत कोसळण्याआधी ती लिहून व्हायला हवी.