काळा रंग कुठून आणणार?

मागच्या दिवाळीत एका मित्राच्या नव्या फ्लॅटवर आम्ही सात-आठ जण जमलो होतो. फराळ हे निमित्त, खरा कार्यक्रम प्रोजेक्टर बघण्याचा. हॉलच्या भिंती पांढऱ्या, छत त्याहून पांढरं, खाली चकचकीत क्रीम रंगाच्या टाइल्स, खिडकीला सोनेरी झिरझिरीत पडदे. समोर शंभर इंची स्क्रीन आणि मागे शेल्फवर अडीच लाखांचं यंत्र. आधी डेमो झाला: समुद्रातले जेलीफिश, मग ड्रोनवरून दिसणारं कुठलंसं शहर. सगळे उठून स्क्रीनला नाक लावून आले. 'पिक्सेल दिसतच नाही यार!' आमच्यातले सहा जण इंजिनिअर, त्यामुळे नाक लावून बघणं हा आम्हाला चित्र बघण्याचाच प्रकार वाटतो.

मग सिनेमा लावला. पंधराव्या मिनिटाला रात्रीचा प्रसंग आला. जंगल, एक माणूस, हातात कंदील. आणि स्क्रीनवर राखाडी धुकं पसरलं. कंदील पांढुरका, माणूस राखाडी, जंगल त्याहून किंचित राखाडी. कंदिलाचा उजेड स्क्रीनवरून छतावर, छतावरून टाइल्सवर आणि तिथून परत स्क्रीनवर येत होता. कुणी काही बोललं नाही. कसं बोलणार? फोरके होतं ना ते.

माझं भांडण या गप्प बसण्याशी आहे. घरी सिनेमा बघायला प्रोजेक्टर घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, 'फोरके आहे का?', आणि बहुतेकदा तोच शेवटचाही असतो. माझ्या मते तो पाचवा किंवा सहावा असायला हवा. त्याला पहिला क्रमांक देण्यात विक्रेत्यांचा फायदा आहे, यूट्यूबवर डबे उघडून दाखवणाऱ्यांचा आहे. घेणाऱ्याचा नाही.

आधी त्या शब्दाचं बघू. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. साध्या फुल एचडीत ते २१ लाखांच्या आत असतात. आता घरगुती बाजारातल्या बऱ्याच डीएलपी फोरके प्रोजेक्टरांत ०.४७ इंचाची एक चिप असते आणि तिच्यावर आरसे असतात १९२० गुणिले १०८०. म्हणजे फुल एचडीइतकेच. प्रत्येक फ्रेममध्ये चित्र चार वेळा अर्ध्या-अर्ध्या ठिपक्याने सरकवलं जातं आणि डोळा ते एकत्र करतो. यात फसवणूक नाही. उलट त्या अभियांत्रिकीचं मला मनापासून कौतुक आहे; सेकंदाला २४० वेळा चित्र इतकं नेमकं हलवणं ही गंमत नाही. पण हे ठिपके एकमेकांवर चढलेले असतात. त्यामुळे एकेका ठिपक्याला पॅनेलवर स्वतंत्र जागा असलेल्या सोनी-जेव्हीसीच्या महागड्या यंत्रांतले ८३ लाख आणि हे ८३ लाख सारखे नव्हेत. डब्यावर मात्र दोघांचा शब्द एकच.

खरी लबाडी याच्या खालच्या मजल्यावर आहे. तिथे 'फोरके सपोर्टेड' असं लिहितात. अर्थ एवढाच की फोरके सिग्नल यंत्राच्या तोंडात घातला तर ते तो गिळतं. पुढे त्याचा चुरा करून १२८० गुणिले ७२० मध्ये दाखवतं, ही गोष्ट पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असते, असलीच तर.

हे मला काकांमुळे कळलं. माझे काका खानापूर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. गावच्या वाचनालयात मुलांना आणि म्हाताऱ्यांना महिन्यातून एकदा सिनेमा दाखवायचा असं त्यांच्या डोक्यात आलं. लहानपणी त्यांनी जत्रेतल्या तंबूत, बऱ्याचदा पडद्याच्या मागच्या बाजूला बसून, उलटी अक्षरं वाचत सिनेमे पाहिलेले. वर्गणी काढली. कुणी पन्नास दिले, कुणी शंभर, दूध डेअरीवरच्या एकाने पाचशे. चौदा हजार जमले. मला विचारावं हे त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी तेव्हा मीही 'फोरके घ्या' असंच सांगितलं असतं, हे कबूल करतो. त्यांनी ऑनलाइन मागवला. डब्यावर फोरके आणि १२,००० लुमेन. पहिल्या खेळानंतर मला फोन. "दिसतंय बघ, पण धुकं पडल्यागत दिसतंय. फोरके हाय म्हणून लिवलंय की रं डब्यावर."

सुट्टीत गेलो तेव्हा दोन गोष्टी केल्या. एक एक ठिपका काळा-पांढरा असलेल्या बुद्धिबळपटाचं फुल एचडी चित्र लावलं. पट दिसायच्या जागी लाटा-लाटा दिसल्या, म्हणजे यंत्राकडे तेवढे ठिपकेच नाहीत. मग शाळेच्या प्रयोगशाळेतून लक्समीटर आणला, पूर्ण पांढऱ्या चित्रावर नऊ ठिकाणी मोजलं. सरासरी ७० लक्स. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. गुणाकार केला, १९० लुमेन. काका तोंडी गणितात पक्के, ते म्हणाले, "बारा हजाराचं दोनशे बी नाहीत व्हय?" परत पाठवायची मुदत संपून गेली होती.

ज्याच्या पगारातून अडीच लाख सुटतात त्याची चूक त्याला परवडते. चौदा हजारांची वर्गणी दुसऱ्यांदा निघत नाही. म्हणून हा वाद मला निव्वळ हौशी लोकांचा वाटत नाही.

आता अंतराचं गणित. सामान्य चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. शंभर इंची चित्राची रुंदी साधारण २२१ सेंटिमीटर, म्हणून फुल एचडीचा एक ठिपका सव्वा मिलिमीटरहून थोडा लहान. तो डोळ्याला वेगळा दिसेनासा होतो साधारण १३ फुटांवर. फोरकेचा साडेसहा फुटांवर. म्हणजे फोरकेचा सगळा पैसा वसूल करायचा तर शंभर इंची चित्रापुढे साडेसहा फुटांवर बसायला हवं. आमच्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, कारण मधे टीपॉय, येण्याजाण्याची वाट आणि सुट्टीत पाहुण्यांच्या गाद्या. अकरा फुटांवर फरक कळत नाही असं मी म्हणणार नाही. तीक्ष्ण नजरेला, स्थिर चित्रात, दोन्ही शेजारीशेजारी ठेवले तर कळतो. चित्र दीडशे इंची असेल, किंवा प्रोजेक्टरवर कोड वाचायचा नाहीतर गेम खेळायचे असतील, तर फोरकेवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

उजेडाबाबत तर सगळं उलटंच. थिएटरच्या पडद्यावर पांढरा किती उजळ असावा याचं डिजिटल सिनेमाचं मानक आहे १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट. साध्या मॅट पांढऱ्या शंभर इंची पडद्यावर तेवढा उजेड पाडायला खरे लुमेन लागतात साधारण ४१५. चारशे पंधरा! पूर्ण अंधार असेल तर. यंत्र म्हातारं होणार, रंग नीट लावले की उजेड घटणार, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा, तरी हजार-बाराशेत काम होतं. मग तीन-तीन हजार लुमेन कशाला लागतात? झिरझिरीत सोनेरी पडद्यांशी लढायला.

आणि या लढाईत हरतो तो काळा रंग. प्रोजेक्टर पांढरा फेकू शकतो, लाल फेकू शकतो, काळा फेकू शकत नाही. काळा म्हणजे जिथे काही फेकलं नाही ती जागा. प्रोजेक्टर बंद असताना तुमची स्क्रीन जितकी काळी दिसते, त्याहून काळं काहीही सिनेमात दिसणार नाही. ट्यूबलाइट चालू असताना ती स्क्रीन पांढरी दिसते ना? मग तोच तुमचा काळा. दिवे मालवले तरी चित्राचाच उजेड पांढऱ्या छतावरून परत येतो आणि सावल्या धुऊन टाकतो. भर म्हणून यंत्र स्वतःही थोडा उजेड गळवत असतं. किती गळतो हे पॅनेलवर ठरतं, आणि या बाबतीत त्या छोट्या फोरके डीएलपी चिपा दुबळ्या आहेत. तुलनेने कमी ठिपक्यांचं पण चांगल्या कॉन्ट्रास्टचं यंत्र रात्रीच्या प्रसंगात जास्त तपशीलवार वाटतं, कारण तपशील हा शेवटी उजेड-अंधारातल्या फरकाचाच असतो.

डब्यावर कॉन्ट्रास्टही लिहितात की, म्हणाल. लिहितात, दहा लाखास एक वगैरे. तो बहुतेकदा असा मोजतात: पूर्ण पांढरी फ्रेम दाखवून मोजायचं, मग पूर्ण काळी फ्रेम दाखवताना लेझर जवळजवळ विझवून मोजायचं आणि भागाकार करायचा. सिनेमात कंदील आणि जंगल एकाच फ्रेममध्ये असतात, हे त्या भागाकाराला ठाऊक नसतं.

मला वाटतं, फोरके जिंकतं ते यामुळेच. तो मोजता येणारा, ऑफिसात जेवताना सांगता येणारा आकडा आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आकडा दिला की आम्ही खूश. बारावीचे टक्के, पॅकेज, फोनचे मेगापिक्सेल. 'भिंतीला गडद रंग दिला' यात सांगण्यासारखं काय आहे?

'अरे पण फ्यूचरप्रूफ!' हा शेवटचा बाण. तर भविष्याचं बघू. २०१५चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' हा फोरके डेमोंतला लाडका सिनेमा, त्याची अंतिम प्रत टूके मध्ये तयार झाली आणि घरगुती फोरके आवृत्ती तिच्यावरून फुगवलेली आहे. तरी तो अप्रतिम दिसतो. आपण मल्टिप्लेक्सात पैसे मोजून पाहतो त्यातलंही बरंच टूके असतं. घरी येणारा प्रवाह म्हणाल तर नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं. फोरके ब्लू-रे डिस्कची कमाल त्याच्या कितीतरी पट असते. शिवाय फोरकेबरोबर एचडीआर येतं, ते मूळ टीव्हीच्या शेकडो निटांसाठी बेतलेलं. स्वस्त प्रोजेक्टरवर ते साध्या आवृत्तीपेक्षा अंधारं दिसतं आणि मग लोक दिवा लावून बघतात.

आणि मराठी? माझ्या आजीला बघायचे असतात ते कृष्णधवल सिनेमे जिथे सापडतात, तिथे ते व्हीसीडीवरून चढवलेले असतात, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो आणि चेहऱ्यांवर चौकोनी डाग. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत प्रभातच्या सिनेमांसह कितीतरी नायट्रेट फिल्म जळाल्या. जे उरलंय त्याच्या चांगल्या प्रती घराघरांत मिळाव्यात असं म्हणणाऱ्या माणसाने फोरके प्रोजेक्टर घेतला तर मी त्याला हार घालीन. पण अडीच लाख खर्चणारे आमचे मित्र ती मागणी करत नाहीत. ते जेलीफिश बघतात.

काकांच्या वाचनालयाचं पुढे असं झालं की यंत्र तेच राहिलं. चित्र शंभरवरून साठ इंचांवर आणलं. क्षेत्रफळ एक तृतीयांशाच्या जवळ आलं, त्यामुळे उजेड पावणेतीन पट झाला. खिडक्यांना जुन्या छत्र्यांचं काळं कापड शिवून लावलं. खेळ संध्याकाळी सहाऐवजी आठला. काका म्हणाले, "तंबूवाला बी अंधार पडल्याबिगर खेळ लावत नव्हता." माणसं पुढे सरकून बसतात.

मी स्वतः वापरलेला फुल एचडी प्रोजेक्टर घेतला, ४२ हजारांना, बऱ्या कॉन्ट्रास्टचा. वाचलेल्या पैशांतून स्पीकर, जाड पडदे आणि रंग. भिंती काळ्या करतो म्हटल्यावर आई म्हणाली, "घर आहे की भुयार? हळदीकुंकवाला बायका येतात." आठवडाभर वाद झाला. शेवटी स्क्रीनची भिंत आणि तिच्या शेजारचे चार-चार फूट गडद करडे, मॅट, यावर तडजोड झाली. छत अजून पांढरं आहे. त्याची बोलणी चालू आहेत.