सूत्रधाराविना महाकाव्य

एखाद्या महाकाव्यावरून चित्रपट निघाला, की त्यात कोणते प्रसंग गाळले याची मोजदाद सुरू होते. जाकोमो बात्तिआतो दिग्दर्शित ‘ई पालादीनी’ (१९८३) या इटालियन साहसपटाच्या बाबतीत ही मोजदाद निरर्थक आहे. लुदोव्हीको आरिओस्तोचे ‘ओर्लांदो फुरिओसो’ हे काव्य १५३२ च्या अंतिम आवृत्तीत ४६ सर्गांचे आणि सुमारे ३९,००० ओळींचे आहे; एका चित्रपटात त्यातले बहुतेक गळणारच. दिग्दर्शकाचा अपराध काटछाटीचा नाही. त्याने सूत्रधारालाच घालवून दिले, हा आहे.

या काव्यातील सर्वांत जिवंत पात्र ना ओर्लांदो, ना ब्रादामान्ते. ते निवेदकाचे आहे. ऐन द्वंद्वात वीराला सोडून तो दुसऱ्या कथेकडे वळतो, सर्गारंभी श्रोत्यांशी बोलतो, शूरांच्या प्रतिज्ञांकडे मिस्कीलपणे पाहतो. काव्याचा विचार या स्मितातच आहे. ओर्लांदो हा ख्रिस्ती सेनेचा आधारस्तंभ. परंतु आंजेलिका मेदोरो या सामान्य मुस्लिम सैनिकाची झाली हे कळताच, काव्याच्या ऐन मध्यावर, २३ व्या सर्गात, त्याला वेड लागते. पुढे त्याची हरवलेली बुद्धी आस्तोल्फोला चंद्रावर एका कुपीत सापडते. धर्मयुद्धाचा दर्प याहून हळुवारपणे कोणी उतरविला असेल?

चित्रपटात ती चंद्रयात्रा नाही आणि ते स्मितही नाही. ख्रिस्ती ब्रादामान्ते आणि मूर रुज्जेरो यांचे प्रेम त्याने केंद्रस्थानी आणले, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ते प्रेम भविष्यवाणीच्या आणि चिलखतांच्या भाराखाली गंभीर चेहऱ्याने वावरते. ‘शस्त्रांची आणि प्रेमांची कथा’ असे उपशीर्षक आहे. पडद्यावरही तेवढेच उरते.

दृश्यमाध्यमाला निवेदकाचा उपरोध पेलत नाही, असा बचाव केला जाईल. तो टिकणारा नाही. १९६९ मध्ये स्पोलेतो येथे लूका रोंकोनी यांनी एदोआर्दो सांग्विनेती यांच्या संहितेवरून याच काव्याचा प्रयोग केला. चाकांच्या गाड्यांवरून अनेक प्रसंग एकाच वेळी प्रेक्षकांमधून फिरत होते आणि कोणती कथा सोडून कोणती धरायची, हे प्रेक्षकच ठरवीत होता. सिसिलीतील ‘पूपी’ या बाहुल्यांच्या खेळात तर हेच वीर लोखंडी सळ्यांना अडकवलेले दिसतात. त्या सळ्या कोणी लपवीत नाही, आणि म्हणून रस कमी होत नाही.

बात्तिआतोंनी नेमक्या त्या सळ्या लपविल्या. परिणामी जो वाचक चित्रपटावरून काव्याकडे वळेल, त्याला वाटेल की सोळाव्या शतकातील कवी वीरगाथेवर भाबडेपणाने विश्वास ठेवीत होता. वस्तुतः भाबडेपणा विसाव्या शतकातील कॅमेऱ्याचा आहे. वीरांना पडद्यावर जरूर आणावे. पण त्यांच्याकडे पाहून हसणाऱ्याला दाराबाहेर ठेवून नव्हे.