गेटवरची उघडी वही

माणूस गेल्याची सूचना सोसायटीच्या फळ्यावर लागते आणि तेरावा व्हायच्या आत घरात फोन येतो, ‘काकू, फ्लॅट काढायचा विचार आहे का? आपल्याकडे जेन्युइन पार्टी आहे.’ आमच्या शेजारच्या विंगमध्ये हे नुकतंच घडलं. फोन करणाऱ्याला मजला माहीत, पार्किंग माहीत, मुलगा परदेशात परत कधी जाणार तेही माहीत. काकूंना राग आला नाही, भीती वाटली. एवढं सगळं याला कोणी सांगितलं, हेच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांत गेटवरच्या टेबलावर एक लांबट वही उघडी पडलेली असते. नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे जायचं, वेळ. सही करायला वाकलेला कोणीही मागची पानं चाळू शकतो, फोटो काढू शकतो. लॉबीत फ्लॅट नंबरासकट सगळ्यांच्या नावांची पाटी असते. टपालपेटीत बिलं साठली की ते घर बंद आहे हेही कळतं. उरलंसुरलं वॉचमनकडून मिळतं. बारा तासांची ड्यूटी, एजन्सीचा वाटा जाऊन हातात पडणारा तुटपुंजा पगार, आणि ‘कुठला फ्लॅट रिकामा होतोय तेवढं सांग, सौदा झाला की तुझं बघतो’ म्हणणारा माणूस. वॉचमन बदलून विषय संपवणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. नवा वॉचमन येतो, वही तिथेच असते.

‘महारेराकडे तक्रार करा ना,’ असं लोक सांगतात. रेरा कायदा २०१६चा. एजंटांना नोंदणी त्यानं सक्तीची केली, महारेरानं पुढे प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. चांगलंच झालं. पण कलम ९ नीट वाचलं तर ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पात विकासक विकत असलेल्या घरांचे व्यवहार जुळवणाऱ्यांना आहे. जुना फ्लॅट विकून देणारा किंवा भाडेकरू आणून देणारा त्यात येत नाही. म्हणजे राहत्या इमारतीत जो बेल वाजवतो, नेमका तोच कायद्याच्या बाहेर राहिला. ना नोंदणी क्रमांक, ना ओळखपत्र. रीसेल आणि भाड्याचे एजंटही नोंदणीखाली आणायला हवेत, आणि ते काम सरकारचंच आहे.

पुनर्विकासाच्या नावानं येणारे तर आणखी धीट. कोणाचा माणूस ते धड सांगत नाहीत, जादा कार्पेट आणि कॉर्पसचे आकडे सांगतात आणि दुपारी घरात एकट्या असलेल्या ज्येष्ठांकडून ‘नुसती संमती’ म्हणून सही घेतात. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विकासक निवडला जातो तो विशेष सर्वसाधारण सभेत, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि चित्रीकरण करून. दारात घेतलेल्या सह्यांनी विकासक ठरत नाही. तरी तो कागद पुढे शेजाऱ्यांना दाखवून ‘अर्धी बिल्डिंग तयार आहे’ असं सांगायला उपयोगी पडतो. आईवडिलांना एवढंच सांगून ठेवा: सभेबाहेर कुठल्याही कागदावर सही करायची नाही.

फोनचा त्रास निदान कमी करता येतो. १९०९ वर नको असलेल्या कॉलचे प्रकार नोंदवता येतात आणि स्थावर मालमत्ता हा त्यातला स्वतंत्र गट आहे. नोंदणी नसलेल्या साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचा कॉल आला, तर सात दिवसांच्या आत तक्रार करता येते. नंबर नुसता ब्लॉक करून भागत नाही. तो माणूस संध्याकाळी दुसऱ्या सिमवरून बोलतो.

दारापर्यंत येणाऱ्यांचं काय, हे मात्र सोसायटीनंच ठरवायचं आहे. ‘विक्रेत्यांना सक्त मनाई’ ही पाटी तर सगळीकडेच असते. तिच्यामागे सभेचा ठराव हवा. ज्या सभासदाला घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं आहे, त्यानं एजंटचं नाव आणि वेळ आधी गेटवर लेखी द्यावी. त्याशिवाय एजंटला आत सोडायचं नाही. आला तर त्याच एका फ्लॅटपुरता. जाता जाता वरच्या मजल्यांच्या बेल वाजवायच्या नाहीत. वही बंद करून सुट्या चिठ्ठ्या आणि कुलपाची पेटी ठेवावी. असा ठराव असला की वॉचमनलाही ‘नाही’ म्हणताना आधार मिळतो, आज तो त्याला अजिबात नाही. एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी अडीअडचणीसाठी कमिटीकडे असावीच, पण ती सेक्रेटरीच्या कपाटात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तिथे भाडेकरू असतात, घर विकून गेलेले असतात, आणि दोन-तीन एजंटही असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. विषयपत्रिका निघायच्या आधी सेक्रेटरीला पत्र द्या.