नाना शंकरशेटांना ‘जनक’ म्हणू नका

वडिवळ्याच्या माणसाला पुण्या-मुंबईकडे निघायचे तर कामशेत स्टेशन गाठावे लागते, आणि रेल्वेचा विषय निघाला की आमच्या नाणे मावळात कोणी ना कोणी म्हणतोच, ‘ही गाडी नाना शंकरशेटांनी आणली.’ जयंतीच्या भाषणांत तर ‘भारतीय रेल्वेचे जनक’ ही पदवी ठरलेलीच. याच्या उलट दुसरा पक्ष आहे. त्याच्या मते नाना म्हणजे साहेबाच्या मर्जीतले गिरगावचे धनिक, आणि 1862 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मिळालेली जागा हे त्या मर्जीचे बक्षीस. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

आधी जनकपदाचे पाहू. मुंबईत रेल्वे व्हावी म्हणून जमशेटजी जीजीभाईंच्या जोडीने नाना 1845 च्या सुमारास पुढे आले, कंपनीच्या मुंबईतल्या कमिटीवर बसले, हे खरे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्यामागे त्यांची खटपट होती, हेही खरे. पण ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ ही कंपनी लंडनची, भांडवल बहुतांशी विलायतेचे, मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. शिवाय भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. लोहमार्ग तोट्यात गेला तरी भागधारकाचे व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे मावळातल्या शेतसाऱ्यातूनही, भरले जाणार होते. जनकपद द्यायचेच तर हा हिशेबही त्या जनकाच्या नावावर मांडावा लागेल. नानांच्या भक्तांना ते चालेल का?

आणि आमच्या बाजूची गोष्ट तर वेगळीच आहे. खंडाळा ते पुणे हा टप्पा 14 जून 1858 ला सुरू झाला, म्हणजे मावळात गाडी धावू लागली तेव्हा खालचा घाट अजून फोडायचाच होता. उतारू खोपोलीकडून पालखीने, गाडीने घाट चढून खंडाळ्याला येत आणि पुढे आगगाडीत बसत. बोरघाटाचा मार्ग पुरा झाला 1863 च्या एप्रिलात. सदतीस फुटांना एक फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि हजारो मजूर. पटकीने, तापाने, दरडीखाली त्यांतले किती गेले याची नावनिशी कुठेही नाही. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगा झाला. ठेकेदार बदलला, नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरून थोड्याच दिवसांत वारला, आणि काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे नेले. या घाटाचे बाप शोधायचे असतील तर ते कमिटीच्या खुर्च्यांवर सापडणार नाहीत.

आता दुसरा पक्ष. ‘व्यापारी कायदेमंडळात गेला की आपलेच भले करतो’ हा त्याचा मुख्य आधार, आणि तो अगदीच हवेतला नाही. त्याच काळात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचा फावड्यांचा कारखानदार ओक्स एम्स 1863 पासून काँग्रेसमध्ये बसत होता. खंडपार रेल्वेच्या बांधकाम कंपनीचे, ‘क्रेडिट मोबिलिए’चे, भाग त्याने आपल्याच सहकारी प्रतिनिधींना स्वस्तात वाटले. 1873 मध्ये सभागृहाने त्याचा जाहीर निषेध केला. रेल्वे, पैसा आणि कायदा एका हातात आले की काय होते, त्याचा हा नमुना.

नानांचे प्रकरण या साच्यात बसवणाऱ्यांनी मात्र एक साधी गोष्ट तपासलेली नाही. कायदेमंडळात हिंदी माणसे असावीत ही मागणी 1852 मध्ये ‘बॉम्बे असोसिएशन’ने पार्लमेंटकडे पाठवलेल्या अर्जात होती. त्या संस्थेचे अध्यक्ष नाना होते आणि कामकाज पाहणाऱ्यांत भाऊ दाजी लाड होते. जे दहा वर्षे आधी हक्क म्हणून लेखी मागितले गेले, त्याला बक्षीस कसे म्हणायचे? आणि मिळाले तेही तुटपुंजेच. 1861 च्या कायद्याने सभासद गव्हर्नरने नेमायचे. त्यांनी समोर आलेल्या विधेयकावर बोलायचे. अंदाजपत्रकावर चर्चा नाही, प्रश्न विचारायची मुभा नाही. ती मुभा 1892 मध्ये आली, तेव्हा नानांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. आणि मर्जीचे म्हणाल तर 1857 च्या धामधुमीत याच सरकारने नानांवर संशय धरून चौकशी लावली होती. त्यातून काही निघाले नाही, ही गोष्ट वेगळी.

माझे म्हणणे असे की नानांना कायदेमंडळातल्या तीन वर्षांवरून जोखणेच चूक. सभासद म्हणून त्यांचे खरे काम त्याआधीचे, शिक्षण मंडळातले. हे मंडळ 1840 चे. अध्यक्ष अर्स्किन पेरी. 1847 मध्ये तेच मुंबईचे सरन्यायाधीश झाले. त्यांचा आग्रह असा की सरकारचा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हावा, वरच्या थोड्यांना शिकवावे, तेथून विद्या खाली झिरपेल. मंडळातलेच कर्नल जर्व्हिस याविरुद्ध उभे राहिले, आणि मंडळातले तिन्ही हिंदी सभासद, नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा, त्यांच्या बाजूला गेले. लोकांना शिकवायचे तर त्यांच्या भाषेत शिकवा, ही नानांची भूमिका. ते इंग्रजीचे वैरी नव्हते. एल्फिन्स्टनच्या शाळेपासून ग्रँट मेडिकल कॉलेजपर्यंत त्यांचा हात होता, आणि मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्याच वाड्यात जागा दिली. पण मराठीचे दार बंद करून इंग्रजीचे उघडायला त्यांनी नकार दिला, तोही सरन्यायाधीशाच्या तोंडावर. सरकारी कृपेवर जगणारा माणूस असे करत नाही.

पेरींचे म्हणणे सरकारने जसेच्या तसे स्वीकारले नाही. मावळातल्या मुलाला मराठी पाटी मिळाली, ती या व अशा भांडणांतून. शेतकऱ्याच्या पोराने आधी इंग्रजी शिकावे आणि मग अक्षर ओळखावे, असा क्रम ठरता तर आमच्याकडे किती जण शाळेच्या पायरीपर्यंत पोचले असते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

नानांत उणे नव्हते असे नाही. बॉम्बे असोसिएशन काही वर्षांतच निपचित पडली, आणि ती 1867 मध्ये पुन्हा उभी राहिली तेव्हा नाना नव्हते. पाच टक्क्यांच्या हमीवर त्यांनी आवाज उठवल्याचे माझ्या वाचनात नाही. हे बोलून दाखवले म्हणजे माणूस लहान होत नाही. उलट फुगवलेल्या पदवीची गरज उरत नाही.

मुंबई सेंट्रलला नानांचे नाव द्यावे ही मागणी जुनी आहे. नाव जरूर द्यावे. मात्र पाटीवर ‘रेल्वेचे जनक’ लिहू नये. ‘शिक्षण मंडळाचे सभासद, बॉम्बे असोसिएशनचे अध्यक्ष, मुंबई कायदेमंडळाच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी एक’ असे लिहावे. आणि रेल्वेखात्याला दुसरी पाटी लावायचीच असेल तर ती खंडाळ्याला, घाटात मेलेल्या मजुरांची लावावी.